उभ्या गाडीची थरथर

लोकांच्या गाड्या ठीक करण्यात माझी हयात गेली आणि माझ्याच गाडीला थरथर सुटावी, म्हणजे दिव्याखाली अंधार. तेही नेमकं पोरीला परगावी शिकायला सोडायचं त्या दिवशी. वर्षभर ती पुन्हा दिसणार नव्हती, म्हणून तिला सोडायला मीच जाणार असा माझा हट्ट होता. सामान डिकीत गेलं होतं, माझी आई मागे पोरीशेजारी बसली होती आणि मी बॉनेटखाली डोकं घालून उभा होतो.

इंजिन उभ्या जागी हादरायला लागलं, की आमच्या धंद्यात एक जुनी रीत आहे. चालू इंजिनच्या प्लगवरची एकेक वायर काढून बघायची. जी काढल्यावर इंजिन आचके देतं तो सिलिंडर धडधाकट, आणि जी काढूनही काही फरक पडत नाही तो मेलेला. बायकोला स्टीअरिंगवर बसवून मी सगळ्या वायरी तपासल्या. सगळे सिलिंडर ठणठणीत होते. मुळात थरथरच थांबली होती. मी हात पुसून बायकोशेजारी जाऊन बसलो, आणि समोरची काच पुन्हा थडथडू लागली.

"अहो, गाडीसुद्धा घाबरते तुम्हाला," बायको म्हणाली. सगळे हसले. मीही हसलो, पण कुठेतरी पाणी मुरत होतं.

तेवढ्यावर सोडून द्यायला हवं होतं. पण हाताची सवय जात नाही. "एकेक जण खाली उतरा बघू," मी म्हणालो.

"अरे, आम्ही काय वायरी आहोत?" आई कुरकुरत उतरली. थरथर तशीच राहिली. बायको उतरली, तरी तशीच. पोर उतरल्यावर तर डिकीतलं सामान वाजायला लागलं.

मग तिघींना आत बसवून मी उतरलो. इंजिन शांत झालं, इतकं शांत की ते चालू आहे का, हे बघायला मला वाकावं लागलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता कोणी हसत नव्हतं. आईने सीटला डोकं टेकवलं होतं, बायको आरसा आपल्या उंचीला लावून घेत होती, आणि पोरीचा इतका निवांत चेहरा मी कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. मी कामावर गेल्यावर घरातही हे असंच होत असेल, असं मनात आलं.

"बाबा, चल ना," पोर म्हणाली. "उशीर होतोय."

मी पुढच्या दाराच्या कडीवर हात ठेवला. तेवढ्यानेच बॉनेट थरथरलं. आईने डोळे मिटून घेतले. मी पोरीकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. माझ्याकडे बघत बघतच तिने मागून हात लांबवला आणि आवाज होऊ नये अशा बेताने पुढच्या दाराचं लॉक आतून दाबलं.