पाहणीच्या दिवशी मी पलंगाखाली होते

मित्रांनो, तुमच्या घरात असते तशी हलकी, वाफ सोडणारी इस्त्री मी नाही. मी जुनी आहे, जड आहे आणि माझ्या मुठीला एका बाजूने चीर गेली आहे. सध्या माझा मुक्काम माळ्यावर, रिकाम्या डब्यांच्या मागे आहे. माझीच वायर माझ्या अंगाभोवती गुंडाळून मला इथे ठेवलं आहे. बिघाड म्हणाल तर काहीही नाही. आज प्लग लावा, मी आज तापेन. मला कामावरून काढलं त्याचं कारण वेगळं आहे. ते तुम्हाला सांगायला हवं, कारण तुमच्यापैकी काही जण मोठेपणी शिकायला परदेशी जायचं म्हणत असतील.

माझा जन्म कारखान्यात झाला. शेवटच्या टेबलावर एक कामगार बाई बसायची. तिने माझ्या तळावर ओलं बोट टेकवलं, चर्र असा आवाज ऐकला आणि "जाऊ दे ही" म्हणून मला खोक्यात घातलं. एवढीच काय ती माझी परीक्षा. माणसांच्या परीक्षा पुढे मी जवळून पाहिल्या; माझी फारच सोपी म्हणायची.

मला विकत घेतलं एका इस्त्रीवाल्याने. गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांना दुकान नव्हतं. भाड्याच्या दोन खोल्या, त्यातली रस्त्याकडची खोली हेच दुकान. जाड कांबळं पसरलेलं टेबल, भिंतीला खिळे, खिळ्यांवर हँगर आणि जमिनीवर चादरीत बांधलेली गाठोडी. गिऱ्हाईक म्हणायचं, "मास्तर, शर्ट नवा घेतल्यासारखा झाला हो!" त्या दिवशी मास्तर जेवताना बायकोला हे वाक्य जसंच्या तसं ऐकवायचे. वाक्यात माझं नाव नसायचं, पण मला राग यायचा नाही.

मास्तरांची मुलगी त्या टेबलाखालीच वाढली. हिवाळ्यात तिथे ऊब असायची. पुढे ती टेबलाच्या कोपऱ्यावर पुस्तक ठेवून अभ्यास करायला लागली. भूकंपात एखादी इमारत का पडते आणि शेजारची का उभी राहते, हा तिचा विषय.

"आपल्या घरासाठी एवढं शिकायला कशाला हवं?" आई म्हणायची. "हे तर ट्रक गेला तरी हलतं."

याच विषयाच्या पुढच्या शिक्षणासाठी तिला परदेशातल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला. विद्यापीठाने तिचं कौतुक केलं, निम्मी फी माफ केली आणि उरलेल्या निम्म्या फीची आणि राहण्याखाण्याची सोय महिनाअखेरपर्यंत दाखवा, असंही तितक्याच गोड भाषेत कळवलं. नाहीतर जागा दुसऱ्याला.

मग शोधाशोध सुरू झाली. मी कपड्यांवरून फिरत असायचे आणि ती मोबाइलवर वाचून दाखवायची. एक शिष्यवृत्ती फक्त त्या देशाच्या नागरिकांना होती. दुसरी, तिथे एक वर्ष आधीच शिकलेल्यांना. बँक कर्ज द्यायला तयार होती. पण तारण म्हणून घर हवं, आणि घर तर मालकाचं. एका ठिकाणी अर्जालाच फी होती. म्हणजे ज्याच्याकडे पैसे नाहीत, त्याने ते नाहीत हे सांगण्यासाठी पैसे भरायचे.

शेवटी एक संस्था सापडली. गरजू आणि हुशार मुलांना परदेशी शिकायला ती मदत करायची. मुलीचे गुण त्यांना पसंत पडले, मुलाखतही झकास झाली. राहिली फक्त घरची पाहणी. संस्थेच्या एक बाई घरी येऊन बघणार, की हे कुटुंब खरोखर गरजू आहे का.

इथे मामा आला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ; फर्निचरच्या शोरूममध्ये विक्रेता. मनाने चांगला. तो वाईट असता तर ही गोष्ट मला सोपी गेली असती.

"ताई, त्या बाईंना बसवणार कुठे? गाठोड्यावर?" त्याने विचारलं.

"मामा, त्या पाहुण्या नाहीत," मुलगी म्हणाली. "आपल्याकडे काय नाही ते बघायला येतायत."

"खुळी आहेस. अगं, पैसे देणारा आधी बघतो की समोरची माणसं धड आहेत का. आमच्या शोरूममध्ये हप्त्यावर माल कुणाला मिळतो? ज्याचे बूट चांगले त्याला. फाटक्या चपला बघितल्या की मॅनेजरच म्हणतो, स्टॉक संपला."

"तो उधारीचा धंदा आहे. ही मदत आहे."

"पैसा तो पैसाच. काय दाजी?"

मास्तरांची नजर खोलीभर फिरली, आणि ती परक्याची नजर होती. एवढ्या वर्षांत प्रथमच त्यांना भिंतीवरचे खिळे दिसले असावेत.

पाहणीच्या दिवशी गाठोडी शेजारी गेली. टेबल उभं करून मोरीत टेकवलं. मामाने शोरूममधला सोफा टेम्पोत घालून आणला. त्याच्या पायांवरची प्लास्टिकची वेष्टणंसुद्धा काढायची नव्हती, कारण संध्याकाळी तो परत करायचा होता. आणि मास्तरांसाठी हँगरवरून एका वकिलाचा करडा कोट उतरवला. गिऱ्हाइकाचा कपडा मास्तरांनी कधी अंगाला लावला नव्हता. ते नको नको म्हणाले. मग घातला. मग आरशापुढून हलेनात.

मुलीने हे पाहिलं आणि वाद सोडला. "काढा बाबा, पाठीवर चुणी आहे," ती म्हणाली आणि तो कोट पलंगावर पसरून तिने स्वतः माझ्याकडून इस्त्री करून घेतला. मित्रांनो, मी आयुष्यात याहून चांगलं काम केलेलं नाही.

तेवढ्यात दारावर थाप पडली. मी अजून तापलेली होते. मामाने मला एका चादरीत गुंडाळलं आणि आतल्या खोलीत पलंगाखाली ढकललं.

पुढचं मी जवळजवळ सगळं नुसतं ऐकलं. पाहणीच्या बाईंचा आवाज थकलेला, पण सभ्य होता. "घर छान ठेवलंय हो तुम्ही," त्या म्हणाल्या. आई खुलून हसली.

"आपण काय करता?"

"लॉन्ड्री आहे," मास्तर म्हणाले. माझ्या कामाला त्यांनी या नावाने कधीच हाक मारली नव्हती.

"कामाला माणसं किती?"

"आहेत की दोन-तीन," मामा म्हणाला. "जास्त काम आलं की वाढवतो."

"मॅडम, खरं म्हणजे..." मुलगी म्हणाली आणि थांबली.

इकडे माझ्याखालची चादर तपकिरी व्हायला लागली होती. मग धूर निघाला. मला वाटलं, बरं झालं, आता तरी कुणी विचारेल.

"काहीतरी जळतंय का?" बाईंनी विचारलंच.

सोफ्याची स्प्रिंग कुरकुरली. मुलगी उठली होती. तिची पावलं आतल्या दारापर्यंत आली. चादरीच्या फटीतून मला ती दिसत होती. आणखी थोडं पुढे येऊन तिने मला ओढून बाहेर न्यायचं, एवढंच बाकी होतं. मग ती पावलं वळली. बाहेर कोटातला तिचा बाप बसला होता. तो तिला कसा दिसला, ते मला माहीत नाही. मला फक्त तिचा आवाज ऐकू आला.

"शेजारी असेल."

बाई गेल्या. "झालं काम! वीस वर्षं माल विकतोय, मला चेहरे कळतात," मामाने टाळी दिली. आईने मला बाहेर काढलं तेव्हा चादरीला माझ्याच आकाराचं भोक पडलं होतं. चादर गिऱ्हाइकाची होती.

संस्थेचं उत्तर आठवड्याने आलं. कुटुंबाची आर्थिक स्थिती समाधानकारक असल्याने मदत मंजूर करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी बापलेक संस्थेच्या कार्यालयात गेले. मास्तरांनी मला पिशवीत घालून बरोबर नेलं. अंगात रोजचा शर्ट होता. साहेबांच्या काचेच्या टेबलावर त्यांनी मला ठेवलं.

"साहेब, ही बघा. ही आणि मी, एवढीच आमची लॉन्ड्री. माणसं नाहीत. सोफासुद्धा आमचा नव्हता."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "मग त्या दिवशी ही कुठे होती?"

"पलंगाखाली," मुलीने सांगितलं.

"का?"

मास्तर माझी वायर सारखी करायला लागले.

"मास्तर, मला एक सांगा," साहेब अगदी शांतपणे म्हणाले. "तुम्ही तेव्हा खोटं बोललात, की आत्ता बोलताय?"

"तेव्हा, साहेब."

"मग खोटी माहिती दिली, अशी नोंद करावी लागेल. नियम आहे. पुन्हा अर्ज करता येणार नाही."

खरं बोलल्याची ही पावती मिळाली. मास्तरांनी मला पुन्हा पिशवीत घातलं. परतताना मुलीने पिशवी मागितली, ती त्यांनी दिली नाही. महिनाअखेर आली आणि जागा गेली. मास्तरांनी एक हलकी इस्त्री घेतली आणि मला माळ्यावर चढवलं. मुलगी आता एका ठेकेदाराच्या कार्यालयात सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब ठेवते. भूकंपाचा विषय घरात कुणी काढत नाही. मामा आला की सोफ्यांबद्दल बोलत नाही. बाकी सगळ्याबद्दल बोलतो.

परवा खाली एक बाई कपडे घेऊन आली होती. "मास्तर, उद्या मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी घर बघायला येणार आहेत. जरा कडक करून द्या."

"असेच घाला," मास्तर म्हणाले. मुलगीही बाहेर येऊन तिला समजावायला लागली.

"तुमच्या मुलीचं झालं नाही, म्हणून माझ्या मुलाला अपशकुन करता होय?" बाई कडाडली आणि कपडे उचलून दुसऱ्या इस्त्रीवाल्याकडे गेली.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपल्या मनोगताच्या शेवटी म्हणतात, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, आम्हाला अडगळीत टाकू नका. मला ते मागायचं नाही. लोखंडाला गंज चढायचाच. पण उद्या तुमच्या दारी कुणी तुमची गरज तपासायला आलं, आणि तुमची प्रेमाची माणसं ती गरज चादरीत गुंडाळू लागली, तर बाप कितीही रुबाबदार दिसत असो, तुम्ही आत जा आणि मला बाहेर काढा. मी गरम असेन. हाताला चटका बसेल. तो बरा होतो.