विमानाने दीड तास

"आठ दिवस? आठ दिवस झाले आणि मला आज सांगताय?"

प्रसूती वॉर्डातल्या सिस्टर फोनवर इतक्या मोठ्याने कधी बोलत नसत. पलीकडून जावई चाचरत म्हणाला, "आई, तुम्हाला उगाच घोर नको म्हणून... आता बरी आहे ती. चौथाच महिना होता."

"चौथाच?" एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. मूल गेलेल्या किती बायकांच्या उशाशी त्या बसल्या होत्या. पोटच्या पोरीच्या वेळी मात्र त्यांना कुणी कळवलंही नव्हतं.

लग्न ठरवताना विहीणबाई हसत म्हणाल्या होत्या, "लांब कसलं हो? विमानाने दीड तास. मनात आलं की पोरगी तुमच्या दारात उभी!" सिस्टरांनाही ते पटलं होतं. नंतरच्या दोन वर्षांत पोरगी एकदाही दारात उभी राहिली नाही. कधी सासऱ्यांचं पथ्यपाणी, कधी पाहुणे, कधी तिकिटं महाग. सिस्टर स्वतः निघाल्या, तर "आत्ता नको, पुढच्या महिन्यात या."

या खेपेला त्यांनी कुणाला विचारलं नाही. दुसऱ्याच सकाळी विमानात बसल्या. ते खरंच दीड तासात उतरलं, आणि त्यांचा राग आणखीच भडकला. एवढंसं तर अंतर!

दार विहीणबाईंनी उघडलं. "अगंबाई! कळवायचं तरी."

"तुमच्याकडूनच शिकले," म्हणत सिस्टर सरळ आत गेल्या.

मुलगी स्वयंपाकघरात भांडी घासत होती. आईला पाहून तिने आधी नळ बंद केला, हात पुसले, आणि मग तिला रडू फुटलं. सिस्टरांनी सवयीने तिची खालची पापणी ओढून पाहिली. पांढरीफटक.

"डॉक्टरांनी विश्रांती सांगितली नव्हती?"

मुलगी फडक्याने हात पुसतच राहिली. विहीणबाईच म्हणाल्या, "अहो, पडून राहिलं की मन खातं. कामात असलेलं बरं. आम्हीही काढलंच की हे सगळं."

"तुमच्या वेळी कुणी आलं नसेल. वाईटच झालं ते. म्हणून हिचंही तसंच व्हायचं?"

विहीणबाईंनी तोंड फिरवलं. जावई बाहेरच्या खोलीतून आला. "आई, जरा शांत व्हा ना. महिनाभराने मीच आणून सोडतो हिला."

"दोन वर्षं आणून सोडताय तुम्ही. फोन लागत होता, विमानं उडत होती. मग अडलं कुठे? त्या दिवशी ही मला बोलवा म्हणत होती की नाही, तेवढं सांगा."

तो मान खाली घालून पुटपुटला, "म्हणत होती."

सिस्टर मुलीकडे वळल्या. "येतेस?"

मुलीने नवऱ्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं. "येते," ती म्हणाली, आणि हातातलं फडकं ओट्यावर टाकलं.

संध्याकाळच्या विमानात पट्टा लावायच्या आधीच तिला झोप लागली. सिस्टरांनीच तो अडकवला. विमान टेकलं तसे सगळे लगबगीने उठले, वरच्या बॅगा ओढू लागले. बघता बघता रांगा रिकाम्या झाल्या. हवाईसुंदरी जवळ येऊन म्हणाली, "मॅडम, पोचलो आपण."

मुलीच्या डोक्याखालचा आपला खांदा सिस्टरांनी हलू दिला नाही.

"हो, कळलं," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "तुम्ही तुमचं पुढचं आवरून घ्या. हिला शेवटी उठवते."