काकांचा टेस्टर आणि आत्याचं मशीन

आत्याचं वॉशिंग मशीन तिला चावतं, ही तक्रार पहिल्यांदा आली तेव्हा काकांनी तिची रीतसर चौकशी केली. रीतसर म्हणजे खिशातला टेस्टर काढला, टोक मशीनच्या पत्र्याला टेकवलं, मागच्या टोपीवर बोट ठेवलं आणि दांड्यातल्या इवल्याशा दिव्याकडे पाहिलं. दिवा लागला नाही.

"करंट नाही," काका म्हणाले.

"अरे, पण मला झिणझिण्या येतात!"

"ताई, झिणझिण्या तुला येतात. मशीनला काही झालेलं नाही."

काका आयुष्यभर विमा कंपनीत लोकांचे दावे नामंजूर करत होते. लोक खिशाला पेन लावतात, निवृत्त झाल्यापासून काका टेस्टर लावतात.

इथवर गंमत होती. पण आत्याने तक्रार सोडली नाही, काकांनी निकाल बदलला नाही, आणि शेवटी काकांनी आतेभावाला फोन केला: "तुझ्या आईला भास व्हायला लागलेत." आतेभाऊ परगावी असतो आणि फार कर्तव्यदक्ष आहे. त्याने लगेच घरातली एक खोली रिकामी केली आणि रविवारी आईला न्यायला येतो म्हणून कळवलं. आत्या आमच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटी राहते, आणि तिथे ती राणी आहे. एकदा हलली की परत येणं नाही, हे ती जाणून होती. आम्हीही.

शनिवारी सकाळी मी वर गेलो तर ती कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होती.

"तुला काय वाटतं रे? माझं डोकं फिरलंय?"

"हात लावून बघू का मशीनला?"

"नको बाबा. तुलाही भास झाले तर दोघांना नेतील."

मशीनबद्दल घरात प्रत्येकाने मत दिलं होतं, आत्याबद्दल तर दोन-दोनदा. टेस्टरबद्दल कुणी काही विचारलंच नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी काकांना हाक मारून वर बोलावलं.

"काका, तुमचा टेस्टर चालतो हे कशावरून?"

"टेस्टरला कोण तपासतं? टेस्टर बाकीच्यांना तपासतो."

"तरी त्या रेडिओच्या बोर्डात घालून बघा ना."

आत्याचा रेडिओ बातम्या सांगत होता. शेजारच्या सॉकेटच्या एका भोकात काकांनी टेस्टर घातला. अंधार. दुसऱ्या भोकात घातला. तिथेही अंधार. रेडिओ शांतपणे हवामानाकडे वळला.

"बोर्डात करंट नाही," काकांनी जाहीर केलं.

"मग रेडिओ कशावर चाललाय?" आत्या म्हणाली. "माझ्या भासांवर?"

कागदपत्रं पूर्ण असलेल्या दावेदाराकडे बघावं तसं काकांनी रेडिओकडे बघितलं. मी टेस्टर घेऊन खिडकीत धरला. पारदर्शक दांड्यात पाण्याचे थेंब होते आणि दिव्याभोवती निळसर तंतूंचा बोळा. आत्याने चष्मा लावला.

"हा तुझ्या निळ्या शर्टाचा रंग. याच शर्टाने तुझे बनियन निळे केले होते."

काकांचे कपडे आत्याच्याच मशीनमध्ये धुतले जातात. म्हणजे शर्टाच्या खिशात बसून टेस्टर आत गेला, भिजला, घुसळला गेला, पिळून निघाला आणि बाहेर येऊन त्याच मशीनला चांगल्या वर्तणुकीचा दाखला देऊन बसला. मशीनच्या दूरदृष्टीचं मला कौतुक वाटलं.

मी खाली जाऊन शेजाऱ्यांचा टेस्टर मागून आणला. या वेळी आधी बोर्डात घातला. दिवा लागला. मग मशीनला टेकवला. मंद, नारिंगी, पण लागला.

"शेजाऱ्यांचा आहे," काका म्हणाले. "त्यांचं घड्याळसुद्धा पुढे असतं." पण टेस्टर माझ्या हातून त्यांनीच घेतला. मशीनचा प्लग काढला: दिवा गेला. प्लग लावला: दिवा आला. पुढून, मागून, बिजागरीपाशी. मग चपला बाजूला सारून ते उकिडवे बसले आणि प्लग काढत-लावत राहिले.

"अरे, पुरे आता," आत्या म्हणाली.

"थांब गं ताई. बघू दे की."

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने गुंडाळलेली एक कपबशी उलगडली आणि त्यांच्यासाठी चहा टाकला.

रविवारी आतेभाऊ पुठ्ठ्याची खोकी घेऊन आला. काकांनी त्याला दारातच गाठलं.

"मशीनमध्ये करंट उतरतोय."

"मामा, तुम्हीच म्हणालात ना, आईला भास होतात?"

"मी नाही म्हणालो. टेस्टर म्हणाला. मी फक्त कळवलं."

वायरमन आला, त्याने बोर्ड उघडला. अर्थिंगची वायर सुटून भिंतीत लोंबत होती. मशीनमधली एक खरचटलेली वायरही त्याने बदलली आणि तो गेला.

"झालं ना? मग आता, आई?" आतेभावाने घड्याळ बघत विचारलं. "निघायचं?"

"दुरुस्त झालंय की नाही, ते नको बघायला?"

"किती वेळ लागेल त्याला?"

"काही वर्षं तरी," आत्या म्हणाली.

तिने चपला काढल्या आणि ओल्या फरशीवर उभी राहून मशीनवर तळहात टेकवला. काकांच्या हातात शेजाऱ्यांचा टेस्टर होता.

"काही नाही," ती म्हणाली.

काकांनी टेस्टर माझ्याकडे दिला. "परत करून ये. आणि या खोक्यांचं काही करता येतं का, तेही विचार त्यांना."