बिनमुंडक्या गिरणीवाल्याची सुटका

प्रागच्या जुन्या गल्ल्यांतली भुतं पाहुण्यांना दाखवायची, हा ओटिलीबाईंचा कितीतरी वर्षांचा धंदा. आजची फेरी शेवटची. उद्या त्या ब्रनोला, लेकीकडे, कायमच्या निघणार होत्या. लेक गुणाची, जावई भला, खोलीही हवेशीर. पण जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. 'राहा' असं कोणीतरी म्हणावं, एवढीच आस होती. आणि हा कोणीतरी म्हणजे रादोवान, ट्राम चालवून निवृत्त झालेला, त्यांच्या फेरीतला बिनमुंडक्या गिरणीवाला.

पण रादोवान पडला तोंडात मिठाची गुळणी धरणारा. रोज फेरीनंतर दोघं एकेक बियर घेत, तो हवापाण्याचं बोले आणि घरी जाई. ब्रनोचं कळल्यावर म्हणाला, "तिकडची हवा बरी असते." बियरचा पेला त्याच्याच डोक्यावर उपडा करावा, असं बाईंना झालं होतं.

जूनमधली संध्याकाळ. ऊन छपरांवरून हलायला तयार नव्हतं. जुन्या पाणगिरणीच्या कमानीत रादोवान उभा होता. अंगरखा डोक्यावरून गच्च बंद, बघायला छातीशी एक फट, बगलेत कागदाच्या लगद्याचं मुंडकं.

"यानं पिठात खडू मिसळून गरिबांना विकलं," ओटिलीबाई पाहुण्यांना सांगू लागल्या. "तेव्हापासून भटकतोय. कोणी न भिता हात धरून 'माफ केलं' म्हणालं, की सुटला. पण आजवर कोणाची छाती झाली नाही."

एरवी इथे लोक फोटो काढत आणि पुढे सरकत. आज घोळक्यात ओस्त्रावाहून आलेल्या मिलाडाबाई होत्या, जन्मभर शाळेतल्या पोरांना जेवू घातलेल्या. त्या तरातरा पुढे गेल्या आणि त्यांनी भुताचा हात धरला.

"अगं बाई, केवढा तापलाय हा! जा बाबा, माफ केलं."

भूत जागचं हलेना.

"अहो, सुटलात की!" मिलाडाबाई म्हणाल्या. "आता काय मुहूर्त बघताय?"

घोळका खो खो हसला. ओटिलीबाईंची मात्र पंचाईत झाली. सुटलेल्या भुताचं पुढे काय करतात, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. तेवढ्यात अंगरख्याच्या गुंड्या सुटल्या आणि रादोवानचं घामेजलेलं, लालबुंद डोकं बाहेर आलं. टाळ्या पडल्या.

"ओटिलीबाई," तो म्हणाला, "जाऊ नका ब्रनोला."

"काय म्हणालात?"

"हवा बरी म्हणालो ना, घरी जाऊन स्वतःला शिव्या घातल्या. मला तुमच्याशिवाय करमणार नाही. राहा. माझ्यासाठी राहा."

बाईंना इतका आनंद झाला, की रागच आला. "सामान बांधून दोरी आवळली, तेव्हा सुचतंय होय हे?"

"मी सोडतो ना सामान."

"आणि उद्या भूत कोण होणार? तुम्ही तर सुटलात!"

"होईल दुसरं कोणीतरी!" मिलाडाबाई कडाडल्या. "आधी हो म्हणा. माणूस शिजतोय त्या अंगरख्यात!"

ओटिलीबाईंनी भर गल्लीत फोन काढला. सगळा घोळका कान टवकारून उभा राहिला.

"अगं, मी येत नाहीये," त्या लेकीला म्हणाल्या. "हो, कायमचीच. नाही गं, तब्येत ठणठणीत आहे. कोण म्हणून काय विचारतेस? रादोवान! हो, बोलला. चारचौघांत बोलला! नाही गं वेडे, रडत नाहीये. हसतेय."