तळाला न गेलेला तडा

अप्पा महिनाभर लेकीकडे राहायला गेले आणि त्यांच्या माघारी सुनेने मागच्या अंगणातला पोहण्याचा तलाव बुजवून टाकला. नवऱ्याला म्हणाली, "तळाला तडा गेलाय, पाणी ठरत नाही." तो कामाच्या व्यापात, मान डोलावून मोकळा झाला.

तडाबिडा काही नव्हता. अप्पांचा उभा जन्म गवंडीकामात गेलेला. हा तलाव त्यांनी म्हातारपणी हौसेने स्वतः बांधला होता. रोज सकाळी ते पोहायचे आणि सून काठावर बसायची, कारण एकट्याने पाण्यात उतरायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. एका सकाळी मैत्रिणीचा फोन आला. बोलता बोलता सून स्वयंपाकघरात गेली आणि गप्पांत रंगली. परतली तेव्हा अप्पा शिडीच्या दांडीला लोंबकळत होते, ओठ निळे पडलेले. तिने त्यांना कसंबसं ओढून बाहेर काढलं. खोकला थांबल्यावर ते एवढंच म्हणाले, "नाकात पाणी गेलं जरा."

तिने हे ना नवऱ्याला सांगितलं, ना डॉक्टरांना. पण त्यानंतर ते निळं पाणी दिसलं की तिला अप्पांचे निळे ओठच आठवायचे.

मुलाने फोनवर तड्याचं सांगितलं होतं; अप्पा परतले ते बॅग न उघडताच मागच्या दारी गेले. मातीकडे बघत उभे राहिले.

"तडा कुठल्या बाजूला होता गं?"

"शिडीकडे," ती चाचरत म्हणाली.

"बुजवण्याआधी तळाला भोकं पाडली होती का?"

"नसावीत."

"मग पाणी खालीच साचणार आणि जमीन खचणार. ज्याने बुजवला त्या ठेकेदाराला बोलाव."

दुसऱ्या दिवशी ठेकेदार यंत्र घेऊन आला. शिडीकडची माती उपसून झाली, तळ धुतला. नवराही बघायला येऊन उभा राहिला.

"फरशी तर अखंड आहे की हो!" ठेकेदार म्हणाला.

नवऱ्याने वळून बायकोकडे बघितलं.

"बारीक होता तडा," अप्पा शांतपणे म्हणाले. "असा दिसायचा नाही. घाला घाव, पाडा भोकं."

त्यांनी आपल्याला सावरून घ्यावं, हे मात्र तिला सहन होईना. "नव्हता तडा!" ती ओरडलीच, आणि ठेकेदारासमोरच तिने सगळं सांगून टाकलं. फोन, गप्पा, निळे ओठ. नवरा तडक घरात निघून गेला.

"तुला आत जाताना मी बघितलं होतं," अप्पा म्हणाले. "म्हटलं, बरं झालं. हात चालेनासे झालेत, हे तुला कळलं असतं तर पोहणं बंद केलं असतंस. म्हणून हाक मारली नाही."

"अप्पा, माझं चुकलं."

"चुकलंच. मला विचारायचंस की, पोरी. मी नीट बुजवून दिला असता."

खाली घण पडू लागले. पहिल्या भोकातून तळावरचं पाणी झिरपून जाताच अप्पांनी ठेकेदाराला खडी आणि मुरूम थराथराने दाबून भरायला सांगितलं.

नवरा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच डॉक्टरांची वेळ घेतली आणि अप्पांना घेऊन गेली. तिथे तिने तो प्रसंग पहिल्यापासून सांगितला, फोनसुद्धा वगळला नाही. अप्पा शेजारी बसून स्वतःचे तळहात बघत होते.