दीडशेची लेन्स कुणाची

वेंडल आला तेव्हा मी त्याला कॉफी दिली, पण पाव दिला नाही. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या आमच्या डुलूथमध्ये दारात आलेल्या वैऱ्यालाही कॉफी द्यावी लागते, नाहीतर लोक नावं ठेवतात. वेलदोड्याचा पाव मात्र ताजा होता, घरभर वास सुटला होता. तो मी ओट्यावर फडक्याखाली तसाच राहू दिला आणि त्याच्यासमोर नुसता कप आपटला.

"पाव संपला वाटतं," तो म्हणाला.

"तुझ्यापुरता संपला."

मी आयला, आणि वेंडल माझा घटस्फोटित नवरा. आम्ही दोघांनी मिळून या गावात वर्षानुवर्षं फोटो स्टुडिओ चालवला. मग साहेबांना थंडी बाधायला लागली आणि ते ॲरिझोनाच्या वाळवंटात ऊन खायला गेले. घर, होडी, कुत्रं, सगळ्याची वाटणी वकिलांनी केली. कॅमेऱ्याचं नाव मात्र आम्ही दोघांनीही काढलं नाही. वकील तो विकायला लावेल अशी दोघांनाही धास्ती. आता एवढ्या वर्षांनी याला आठवण झाली. भर फेब्रुवारीत, अंगात पातळ जाकीट घालून, विमानानं आला मेला.

कॅमेरा मोठ्या फिल्मचा, चौकोनी. पोटापाशी धरून वरून काचेत बघायचं. बॉडी एकच. मागे लावायच्या फिल्मच्या डब्या दोन. लेन्स चार, मिलिमीटरवरून ओळखायच्या: पन्नासची, ऐंशीची, दीडशेची आणि अडीचशेची.

"चिठ्ठ्या टाकायच्या?" मी विचारलं.

"छे. आपली जुनी रीत. एकानं कापायचं, दुसऱ्यानं आधी उचलायचं. तू काप."

लहानपणी भावंडांत केक वाटायची ही रीत. कापणारा लबाडी करूच शकत नाही, कारण मोठा तुकडा दुसराच उचलणार. पण मला मोठा तुकडा नकोच होता. मी टेबलाच्या एका बाजूला बॉडी, दोन्ही डब्या, तीन लेन्स आणि कातडी पेटी मांडली. त्यातली पन्नासची तर त्याचा जीव की प्राण. तिच्यातून त्यानं गावाशेजारच्या सरोवराचे एवढे फोटो काढले की पाण्यालासुद्धा कंटाळा आला असेल. दुसऱ्या बाजूला मी दीडशेची ठेवली. एकटी.

वेंडल खो खो हसला. "वा गं वा! इकडे अख्खा हत्ती, तिकडे शेपूट. आणि बाईसाहेबांना शेपूट हवंय."

"हवंय. उचल तुझा हत्ती आणि चालू पड."

मला ती का हवी होती हे त्याला पक्कं ठाऊक होतं. सरोवराच्या उत्तर किनाऱ्यावरची काही माणसं, मासे धरणारी, लाकूड तोडणारी, त्यांच्या बायका, यांचे फोटो मी दर पाच वर्षांनी काढते. तीच माणसं, तेच अंतर, तीच लेन्स. चेहरा बदलतो, बाकी काही बदलू द्यायचं नाही. त्या काचेला कडेला एक सौम्यपणा आहे, तो दुसरीला नाही. या उन्हाळ्यात पुन्हा फेरी होती. काहीजण वयानं ऐंशीच्या पुढे गेलेत, त्यांची ही शेवटचीच. जुनी बॉडी मी कुठूनही पैदा केली असती. ही लेन्स गेली तर सगळं काम अर्धवट राहणार होतं.

वेंडलनं कॉफी संपवली, तोंड पुसलं आणि दीडशेची उचलली.

"ठेव ती खाली!"

"का? कापलंस तू, उचलली मी."

"अरे, बॉडीशिवाय काय करणार आहेस तिचं? चाटणार?"

"दुसरी घे ना तू. ढिगानं मिळतात."

"ढिगानं नवरेही मिळतात!"

"मग घ्यायचा होतास एखादा."

माझं डोकं फिरलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते या माणसाला बघूनच. स्वतःला उपयोग नाही, पण मला मिळता कामा नये. मी त्याला कद्रू म्हटलं, सडका म्हटलं, त्याच्या आईवरून म्हटलं. तो लेन्स मुठीत धरून बसला होता. मग एकदम म्हणाला, "या काचेतून तू अख्खा किनारा काढलास. त्या दारुड्या ओलाफलासुद्धा चारदा काढलंस. मला एकदा तरी बसवलंस?"

"तू दिवे धरायचास! दिवे धरणारा फोटोत कसा येईल?"

"दिवे खाली ठेवता येतात, आयला."

"मग म्हणायचं होतंस."

"नवऱ्यानं मागायचं असतं का ते?"

मी आणखी मोठ्यानं ओरडले. "एवढंच ना? बस तिथे, खिडकीपाशी. आत्ता काढते. पण मग लेन्स इथंच राहील."

त्यानं मूठ उघडून लेन्स माझ्या हातात दिली. "राहील," तो म्हणाला. "शब्द."

मी दीडशेची बॉडीवर चढवली, डबी लावली, तिपाई उभी केली. बाहेरच्या बर्फावरून उजेड आत येत होता, चांगला मऊ. वेंडलनं टोपी काढली, उरलेल्या केसांवरून हात फिरवला. पहिल्या फोटोला तो पोलीस चौकीत बसल्यासारखा बसला. दुसऱ्यालाही तेच.

"खांदे सोड. तुला फाशी देत नाहीये कुणी."

"तुझा काय भरवसा," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच हसू आलं. हसू गेलं, पण जाताना चेहरा मोकळा करून गेलं. काचेत मला एक म्हातारा दिसला. थकलेला, लाजलेला, कुणीतरी आपल्याकडे बघतंय म्हणून लहान मुलासारखा सुखावलेला. मी त्या माणसाचा तिरस्कार करते, हे खरं. तो चेहरा सुंदर होता, हेही खरं. मी शटर दाबलं.

मग कॅमेऱ्याची किल्ली फिरवली. फिल्म पुढे सरकते तेव्हा डबीच्या कडेची बारकी मूठ आपोआप फिरते. ती फिरली नाही. आधीच्या दोन फोटोंनाही फिरली नसणार, माझं लक्ष नव्हतं.

डबी रिकामी होती. फिल्मच्या खोक्याचं झाकण फाडून डबीच्या मागच्या खाचेत खोचायचं, म्हणजे आत कोणती फिल्म आहे ते कळतं, ही आम्हा सगळ्यांची सवय. आदल्या दिवशी वाटणीसाठी मी दोन्ही डब्या रिकाम्या केल्या होत्या. या एकीचं झाकण काढायचं राहिलं, आणि रागाच्या भरात मी झाकण पाहिलं, आत पाहिलं नाही.

गप्प बसले असते तर लेन्स माझी होती. आणखी चार-सहा वेळा खटखट करायचं, आणि पुढे त्याला कळवायचं की रोल धुताना खराब झाला. हे मला तिथल्या तिथे सुचलं होतं. तरी मी बोलले, ते चांगुलपणा म्हणून नव्हे. मला तो चेहरा हवा होता. लेन्सपेक्षाही जास्त हवा होता.

"वेंडल, हलू नकोस," मी म्हणाले. "आत फिल्म नाहीये. दोन मिनिटं थांब, मी रोल भरते. अस्साच बस."

तो उठलाच. कॅमेऱ्यामागे येऊन वाकून पाहिलं. "झाकण तर खोचलेलं आहे."

"राहून गेलं."

"तुझं? राहून गेलं?" स्टुडिओत याच चुकीवरून मी त्याला गिऱ्हाइकांदेखत गाढव म्हणत असे. "मुद्दाम केलंस."

"मुद्दाम केलं असतं तर सांगितलं असतं का, मूर्खा?"

"सांगितल्याशिवाय मजा कशी येणार? मी माकडासारखा बसलोय, आणि तू वरून बघतेयस."

"वेंडल, मी शपथ घेते..."

"शपथ तर चर्चमध्येही घेतली होतीस."

तरी मी रोल फोडला, डबीत भरला, मूठ फिरवली. "बस," मी म्हणाले. "बस ना रे." या माणसाला मी असं कधी म्हटलं असेन तर मला आठवत नाही. मान वर केली तेव्हा त्याचा चेहरा बंद झाला होता. टोपी पुन्हा डोक्यावर होती. त्यानं दीडशेची बॉडीवरून अलगद उतरवली, दोन्ही टोपणं लावली आणि जाकिटाच्या खिशात घातली.

"बाकीचं तुझं," तो म्हणाला.

मी अडवलं नाही. कशाच्या जोरावर अडवणार? त्याच्या जागी मी असते तर मीही तेच समजले असते, आणि वर लेन्स फोडून गेले असते.

दारात तो थांबला. "तू असं केलंस याचं मला नवल नाही, आयला," तो म्हणाला. "मी बसलो याचं आहे."

तो पायऱ्या उतरून गाडीपर्यंत गेला. दार उघडंच होतं आणि थंडी आत येत होती, म्हणून मी ते लावून घेतलं.