कप्तानाची दोन बोटं

कप्तानाच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती, हे गावच्या पुतळा समितीला तो मेल्यावर दोनशे वर्षांनी कळलं. आणि निस्तरायचं कोणी, तर तिनं!

समितीचे सचिव जहाजाची रोजनिशी काखोटीला मारून तिच्या धातूच्या ओतशाळेत येऊन बसले होते. "वादळात खलाशी पाण्यात पडला. कप्तानानं त्याला ओढून वर काढलं, पण दोर आवळून स्वतःची दोन बोटं गेली. पुढची सगळी बेटं त्यानं तसल्या हातानं नकाशावर आणली. आणि चौकातला आपला पुतळा? पाचही बोटं पसरून उभा! समारंभाला बाहेरचे पाहुणे येणार, हसतील ते. करंगळी आणि तिच्या शेजारचं, दोन्ही कापून टाका."

"पुतळा बाबांचा आहे. त्यांना विचारते."

बाबांना विचारणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. ऐंशी उलटली, डोळे अधू झाले, पण हेका तसूभर कमी झाला नव्हता. जन्मात एकच मोठा पुतळा केला त्यांनी, तो हा. "हात लावायचा नाही," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी सचिवांचा निरोप आला, की महिनाअखेरीपर्यंत जमत नसेल तर समिती दुसरा कारागीर लावेल. तो काय, करवत घेऊन सरळ सुटणार.

मग मात्र तिचा तोल सुटला.

"बाबा, माणूस वाचवताना बोटं गेली हो त्याची! तेवढीच एक खूण, ती तुम्ही पुसून टाकलीत. रोजनिशी वाचली नव्हती का?"

"वाचली होती."

"म्हणजे माहीत होतं?"

"आधीपासून."

तिनं कपाळावर हात मारून घेतला. अशा माणसाशी बोलायचं तरी काय!

"हाताला नमुना मिळेना," बाबा म्हणाले. "तासभर कोणी हात स्थिर ठेवेना. तुझी आई म्हणाली, माझा घ्या. माती मळून मळून तिचे हात पुरुषासारखे झाले होते. साच्यातून मेणाचा हात निघाला, धातू ओतायच्या आधीचा. बोटं कापायला सुरी घेतली. तेव्हा ती दवाखान्यात होती, शेवटची. माझ्याच्यानं नाही झालं."

आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. शाळा सुटली की सगळी पोरं त्या पुतळ्याच्या हाताला लोंबकळायची. तीही लोंबकळली होती, कितीदा तरी.

"इतकी वर्षं एका शब्दानं बोलला नाहीत!" ती ओरडली, आणि ओरडता ओरडताच रडू लागली.

शेवटी डोळे पुसून तिनं प्लास्टरचं घमेलं ओढलं. "डावी बाही वर करा. मनगटाच्या सांध्यावर तो अख्खा हात निघतो, मी घरी आणते. त्या जागी तुमचा बसवू. बोटं मेणातच कापीन."

बाबांनी मुकाट्यानं बाही वर सरकवली. "माझी काप खुशाल," ते म्हणाले. "आणि पाणी कमी घाल. कधीचा सांगतोय."

महिनाअखेरीला आईचा हात कापडी पिशवीत घालून ती घरी आली. बाबा दारातच उभे होते.

"केवढा उशीर!" ते खेकसले, आणि पिशवीत चाचपडून त्यांनी तो हात धरला.